समजावून सांगणे हाही उपचारच

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्यविषयक परिसंवादात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आरोग्य या विषयावर परिसंवाद व्हावा आणि त्यात तज्ज्ञ डॉक्टरांबरोबर एका रुग्णालाही बोलण्याची संधी मिळावी, ही कल्पना मला स्वागतार्ह वाटते. मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापड दुकानात बसलो, त्यास आता चार दशके उलटून गेली. संयोजकांनी मला सांगितले, "डॉक्टर हृदयाविषयी बोलतील, आपण त्यांच्यासमोर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाविषयी बोला." हे काम मला जमण्यासारखे आहे, म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आजचे माझे बोलणे डॉक्टरांच्या विरोधात नाही. आपल्या शहरात १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 'घाटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रुग्णालयाने जालना, बीड, परभणीपासून येणाऱ्या किती कुटुंबांना आधार दिला, याचा हिशेब मांडता येणार नाही. पुढे विश्वस्त संस्थांची आणि खाजगी रुग्णालये उभी राहिली. हृदयाच्या तपासणीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरण्याची वेळ आता सहसा येत नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागृत माणसाच्या हृदयाच्या धमनीत बारीक फुगा फुगवून अरुंद झालेली वाट मोकळी केली. छाती न उघडता केलेला हा उपचार तेव्हा जगाला नवलाचा वाटला होता. तो आज आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर उपलब्ध आहे. ही प्रगती थोर आहे आणि त्यामागे डॉक्टरांचे कष्ट आहेत.

परंतु यंत्रे जवळ आली त्या प्रमाणात शब्द जवळ आले नाहीत, असे माझे नम्र निरीक्षण आहे. तपासणी होते, अहवाल मिळतो, बिल भरले जाते, आणि तरीही आपल्याला नेमके काय झाले आहे हे रुग्णाला ठाऊक नसते. माझे म्हणणे एवढेच की, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे उपचार झाल्यावर वेळ उरल्यास करण्याचे सौजन्य नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. तो भाग गळाला तर काय होते, हे प्रथम स्वानुभवातून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांनी नियमाप्रमाणे हृदयाचा आलेख काढून आणण्यास सांगितले. आलेखात काहीतरी आढळले, म्हणून मला शहरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या हृदयविभागात पाठविण्यात आले. सकाळी अकराची वेळ मिळाली होती. क्रमांक लागला तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. आत माझ्याखेरीज आणखी दोन रुग्ण व त्यांचे नातेवाईक उभे होते. तरुण डॉक्टरांनी आलेखावर नजर टाकली, शेजारच्या साहाय्यकास इंग्रजीत काही सांगितले आणि माझ्याकडे न पाहता कागदावर लिहू लागले. मी विचारले, "डॉक्टरसाहेब, काय निघाले?" ते म्हणाले, "अंकल, ब्लॉक आहे." मी पुन्हा विचारले, "कुठे आहे? किती टक्के आहे?" तोवर त्यांचा फोन वाजला होता. हातानेच खूण करून ते म्हणाले, "बाहेर समजावून सांगतील." मी आत गेलो आणि बाहेर आलो, त्यात चार मिनिटे गेली असतील.

बाहेरच्या टेबलावरील मुलीने अदबीने सांगितले, "काका, टूडी इको आणि टीएमटी करून घ्या. मग सर अँजिओग्राफी सांगतील. त्यात ब्लॉकेज निघाले तर लगेच स्टेंट टाकतात, म्हणून मुलाला बोलावून ठेवा आणि डिपॉझिटची तयारी ठेवा." तिने खर्चाचा तक्ता माझ्या हाती दिला. स्टेंटचे प्रकार, खोलीचे प्रकार, सर्व त्यात होते. मला काय झाले आहे, एवढेच त्यात नव्हते.

पुढचे नऊ दिवस आमच्या घरात कसे गेले ते थोडक्यात सांगतो. चिरंजीव पुण्याची नोकरी सोडून धावत आले. आमच्या सौभाग्यवतींची झोप उडाली. मी जिना चढू लागलो की त्या मागून पाठीला हात लावीत. मुदत ठेव मोडावी की नाही यावर रात्री चर्चा झाली. मी उधारीची वही काढून कोणाकडून किती येणे आहे याची नोंद वेगळ्या कागदावर करून ठेवली. छातीत कधी दुखत नव्हते, तेथेही आता काहीतरी टोचल्यासारखे वाटू लागले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तर बाजूलाच राहिली.

दहाव्या दिवशी आमचे जुने कुटुंबवैद्य, वयाने माझ्याहून मोठे, यांच्याकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी आलेख उलगडला, चष्मा पुसला आणि हसून म्हणाले, "शेठ, घरात नळाचे पाइप असतात आणि विजेच्या वायरीही असतात. हृदयातही तसेच आहे. रक्त वाहून नेणाऱ्या धमन्या म्हणजे पाइप. ठोक्याचा इशारा पोहोचविणाऱ्या वाटा म्हणजे वायरी. तुमच्या आलेखात 'राइट बंडल ब्रँच ब्लॉक' लिहिले आहे. ही वायरीची गोष्ट आहे. उजव्या बाजूला इशारा थोडा उशिरा पोहोचतो, एवढाच याचा अर्थ. पाइप तुंबल्याचे हा शब्द सांगत नाही." एका जुन्या पाकिटाच्या मागे त्यांनी हृदयाचे चित्रही काढून दाखविले. मग त्यांनी बजावले, "हा दोष पुष्कळदा निरोगी माणसातही आढळतो; तरीही एकदा इको करून खात्री करायला हवी. तपासणी टाळू नका, घाबरूही नका."

आम्ही दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. इको झाला, चालण्याच्या पट्ट्यावरील टीएमटी झाली. दोन्ही ठीक निघाल्या. मला अँजिओग्राफीची गरज पडली नाही. पुढच्याच महिन्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पार पडली.

सज्जनहो, पहिल्या डॉक्टरांचे निदान चुकले होते असे मी म्हणत नाही. त्यांचा शब्द शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होता, आणि पुढील तपासण्या करा हे सांगणेही योग्यच होते. परंतु 'ब्लॉक' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. डॉक्टरांच्या मनात एक होता आणि माझ्या कानात दुसरा पडला. मधले अंतर भरून काढायला एक वाक्य पुरे होते. ते वाक्य न बोलल्यामुळे एका कुटुंबाचे नऊ दिवस काळजीत गेले.

असे फसवे शब्द आणखी आहेत. टीएमटी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे चांगली आली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पॉझिटिव्ह म्हणजे हृदयाला रक्तपुरवठा कमी पडत असल्याची शंका, आणि निगेटिव्ह म्हणजे दिलासा. इकोच्या अहवालात 'ईएफ' म्हणून एक टक्केवारी असते. ती साठ टक्के आली की घरचे लोक धसका घेतात. हृदय चाळीस टक्के गेले असे समजतात. वास्तविक, डावा कप्पा रक्ताने भरल्यावर त्यातील किती भाग प्रत्येक ठोक्यात बाहेर ढकलला जातो, याची ती टक्केवारी असते. हृदय कधीच पूर्ण रिकामे होत नाही. पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यानचा आकडा सर्वसाधारणपणे चांगला मानला जातो. 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडले असे नव्हे. त्याची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती कमी पडते, असा त्याचा अर्थ आहे, आणि त्यावर औषधे आहेत. डॉक्टरांना हे शब्द रोजचे आहेत. रुग्णाच्या आयुष्यात ते प्रथमच येतात, तेही भीतीने मन बावरलेले असताना.

असे का होते? डॉक्टरांची बाजूही पाहिली पाहिजे. गर्दी प्रचंड असते. २०१७ साली ६७ देशांतील माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राथमिक तपासणी करणारा डॉक्टर एका रुग्णास सरासरी किती वेळ देतो, हे त्यात पाहिले होते. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपल्या भारतात जेमतेम दोन मिनिटे, असे आकडे त्यात आहेत. आणि हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९८४ साली दोन संशोधकांनी ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकले. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्यास थांबवीत होते, असे त्यांना आढळले. म्हणजे संपन्न देशातही ऐकण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

आमच्या व्यवसायातील एक उदाहरण देतो. खेड्यातून एखादे कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला येते. दोन-तीन तास बसते. आमचा माणूस एकेक साडी उलगडून दाखवितो. रंग जाईल का, कापड आटेल का, पन्हा किती, जरीची खात्री काय, सर्व सांगतो. गिऱ्हाईक वृद्ध असेल तर पुन्हा सांगतो. पसंत पडले नाही तर घडी घालून ठेवतो. हा काही आमचा मोठेपणा नव्हे, तो व्यवहार आहे. न समजता नेलेला माल दुसऱ्या दिवशी परत येतो, हे आम्हाला ठाऊक असते. शरीराच्या बाबतीत मात्र माल परत करण्याची सोय नाही. म्हणून तेथे समजावून सांगण्याची आवश्यकता कितीतरी अधिक आहे.

ही केवळ अपेक्षा नाही; तिला कायद्याचाही आधार आहे. आपल्या महाराष्ट्रातीलच एक जुना खटला पाहा. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका विशीतील तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास आणण्यात आले. वडील स्वतः वैद्यकीय व्यावसायिक होते. मुलगा लवकरच गुंगीतून बाहेर येईल, असे आश्वासन मिळाल्यावर ते परत निघाले, आणि त्याच रात्री मुलाने प्राण सोडला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ साली न्यायालयाने डॉक्टरांना जबाबदार धरले. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरांवर काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, असे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. जो पिता वैद्यकशास्त्र जाणत होता त्यालाही मुलाची खरी अवस्था कळली नव्हती. मग तुमच्या-आमच्यासारख्यांचे काय?

पुढे १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत तर त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमती म्हणजे केवळ सही नव्हे, हे ठामपणे सांगितले. उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि धोके समजल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती होय. तपासणीपुरती दिलेली संमती शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही. प्राण वाचविण्यासाठी तातडीने करावे लागले तर गोष्ट वेगळी.

हृदयरोग्यांच्या दृष्टीने हा निकाल फार महत्त्वाचा आहे. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, अँजिओप्लास्टी हा उपचार आहे. रुग्ण टेबलावर असताना बाहेर नातेवाइकांपुढे कागद येतो आणि दोन मिनिटांत सही करा असे सांगितले जाते, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करण्यात रुग्णाची सोयही असते, हे खरे. परंतु मग त्याची चर्चा आदल्या दिवशी, रुग्ण शुद्धीवर व शांत असताना व्हावयास हवी, आणि न्यायालयानेही अशी दोहोंसाठीची संमती आधी घेण्यास वाव ठेवला आहे. खर्चाचेही तसेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवून दिली. त्यापूर्वी ज्या स्टेंटसाठी लोक लाखाच्या घरात रक्कम मोजत होते, तो एकाएकी आवाक्यात आला. तेव्हापासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, हे आजही अनेक कुटुंबांना माहीत नसते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा पुढे आणला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा करून अशी सनद व दरपत्रक रुग्णालयात दर्शनी भागी लावण्याची तरतूद केली. माहिती मिळणे, कागदपत्रे मिळणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येणे, हे आपले हक्क आहेत. पुढच्या वेळी रुग्णालयात गेल्यावर ती सनद भिंतीवर शोधा आणि शांतपणे वाचा.

येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. छातीवर दडपण, घाम, जबड्यात अथवा डाव्या हातात कळ, धाप, अशी लक्षणे अचानक उद्भवली तर प्रश्नोत्तरांत वेळ घालवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात एकेक मिनिट मोलाचे असते आणि तेथे तातडीची अँजिओप्लास्टी प्राण वाचविते. मी बोलतो आहे ते सावकाशीच्या, स्थिर आजाराविषयी. अशा रुग्णांवर ३७ देशांत, आपल्या देशासह, ५,१७९ जणांचा सहभाग असलेला एक मोठा अभ्यास झाला. औषधोपचाराला स्टेंट वा बायपासची लगेच जोड दिल्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही, असे त्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना मात्र अधिक आराम मिळाला. याचा अर्थ स्टेंट निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. स्थिर रुग्णाजवळ विचारायला, समजून घ्यायला आणि दुसरे मत घ्यायला वेळ असतो, एवढाच अर्थ मी त्यातून घेतो.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. संवाद दोन बाजूंनी होतो, आणि आपल्या काही गोष्टी आपण सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळण्यासारख्या नसतात. माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ व्यापाऱ्यांना आषाढात स्टेंट बसविण्यात आला. घरी सोडताना इंग्रजीत टंकलिखित कार्ड मिळाले. त्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या होत्या. भाद्रपदात, पर्युषणात, त्यांनी दरवर्षीप्रमाणे अठ्ठाई केली. उपवासात गोळ्याही बंद ठेवल्या. सहाव्या दिवशी पहाटे छातीत असह्य कळ आली. स्टेंटमध्ये गुठळी झाल्याचे डॉक्टरांनी नंतर सांगितले. ते गृहस्थ आज आपल्यात नाहीत. त्यांच्या पत्नी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "भाऊ, या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, एवढे कोणी सांगितले असते तर आम्ही महाराजसाहेबांना विचारून काही मार्ग काढला असता."

बंधू-भगिनींनो, त्या गृहस्थांची श्रद्धा निर्मळ होती आणि रुग्णालयाने बसविलेला स्टेंटही योग्य होता. कमी पडले ते दोन प्रश्न. "तुमचे काही व्रत-नियम आहेत का?" हा एक, आणि "यांतील कोणती गोळी कधीच थांबवायची नाही?" हा दुसरा. आपल्याकडे चौविहार आहे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारे अनेक आहेत. डॉक्टर मात्र 'रात्री झोपताना' असे लिहून देतात. गोळी घेतली जात नाही, त्रास कमी होत नाही, आणि पुढच्या भेटीत तीच गोळी दुप्पट मात्रेत लिहिली जाते. आयंबिल, एकासना, वर्षीतप यांत जेवणाच्या वेळा बदलतात. मधुमेह वा रक्तदाबाच्या औषधांवर त्याचा परिणाम होतो. काही जण प्राणिज जिलेटिनची कॅप्सूल असल्याचे कळताच ती गुपचूप बाजूला ठेवतात. हे सर्व स्पष्टपणे सांगितले तर डॉक्टर वेळ बदलून देऊ शकतात, दुसरे औषध सुचवू शकतात, किंवा या वर्षी उपवास नको असा सल्ला देऊ शकतात. आपल्या पच्चक्खाणातही आगारांची तरतूद पूर्वाचार्यांनी करून ठेवली आहे. गुरुभगवंतांना आजार सांगावा आणि डॉक्टरांना नियम सांगावा. दोघांपैकी एकापासूनही काही लपवू नये.

यासाठी ट्रस्टपुढे मी एक छोटा प्रस्ताव ठेवू इच्छितो. योजनांतर्गत रुग्णालयांत शासनाने 'आरोग्यमित्र' नेमले आहेत. ते योजनेच्या कागदपत्रांत साहाय्य करतात. त्याच धर्तीवर आपल्या समाजातील निवृत्त शिक्षक, औषध विक्रेते, महाविद्यालयीन तरुण-तरुणी यांतून दहा-बारा 'रुग्णसोबती' तयार करावेत. समाजातील डॉक्टरांनी त्यांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. ज्या वृद्धांची मुले परगावी आहेत त्यांच्यासोबत या सोबत्याने तपासणीच्या दिवशी जावे, डॉक्टरांचे बोलणे मराठीत लिहून घ्यावे आणि घरी येऊन ते वाचून दाखवावे. सोबत्याने वैद्यकीय सल्ला देऊ नये. ऐकणे, विचारणे आणि लिहिणे एवढेच त्याचे काम.

दुसरे म्हणजे, प्रत्येक कुटुंबासाठी एक पानी मराठी पत्रक छापावे. वरच्या भागात रुग्णाचे आजार, चालू औषधे, ज्या औषधाने त्रास होतो त्याचे नाव आणि व्रत-नियम यांची नोंद असावी. खालच्या भागात पाच प्रश्न असावेत. मला काय झाले आहे, ते मराठीत सांगाल का? ही तपासणी किंवा उपचार कशासाठी, आणि तो लगेच हवा की थांबता येईल? याला दुसरा पर्याय आहे का? एकूण खर्च किती येईल? कोणते औषध किती महिने थांबवायचे नाही? उत्तरे मिळाल्यावर रुग्णाने ती आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावीत. "म्हणजे मी असे समजू का..." अशी सुरुवात करावी. गैरसमज असेल तर तेथेच दूर होतो आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. या पत्रकाच्या पहिल्या दोन हजार प्रतींचा छपाई खर्च आमच्या पेढीतर्फे करण्याची अनुमती विश्वस्त मंडळाने द्यावी, अशी विनंती आहे.

व्यासपीठावरील डॉक्टर मित्रांनाही हात जोडून एक प्रार्थना करतो. आपली धावपळ आम्हाला दिसते. दहा मिनिटे द्या असे मी म्हणत नाही. जी काही तीन-चार मिनिटे आहेत, त्यांतील पहिले अर्धे मिनिट रुग्णास न थांबवता बोलू द्यावे आणि शेवटचे अर्धे मिनिट त्याच्याकडे पाहून त्याच्या भाषेत एक वाक्य सांगावे. आपल्या शिक्षणाचा लाभ त्या एका वाक्यातून आमच्यापर्यंत पोहोचतो.

आपल्या परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. गेली पन्नास वर्षे या ट्रस्टने आहारदान व औषधदान निष्ठेने केले. शिबिरे भरविली, गरजूंची बिले भरली. रुग्णास त्याचा आजार समजावून देणे यात उरलेली दोन्ही दाने एकत्र येतात. ते ज्ञान तर असतेच. आणि माहिती नसल्यामुळे वाढलेली भीती त्याने नाहीशी होते, म्हणून ते अभयही असते. यासाठी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पहिल्या वर्षात ट्रस्टने हे कार्य हाती घ्यावे, अशी अपेक्षा व्यक्त करतो.